दुसरी डिस्क आपोआप माउंट व्हावी यासाठी: एफस्टॅबमधील एका ओळीची मांडणी

नाशिकमध्ये इंदिरानगरला आमच्या घरी जो संगणक आहे, त्यात दोन डिस्क आहेत. एक उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) बसवलेली २५६ जीबीची एसएसडी आणि दुसरी महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानातून आणलेली १ टीबीची हार्ड डिस्क. या दुसऱ्या डिस्कवर वडिलांनी काढलेले फोटो आहेत. २००३ च्या सिंहस्थाचे रोलवर काढून पुढे स्कॅन केलेले, आणि २०१५ च्या सिंहस्थाचे डिजिटल. संगणक सुरू केल्यावर ही डिस्क फाइल मॅनेजरच्या डाव्या रकान्यात दिसत असे, परंतु तिच्यावर कोणी क्लिक करेपर्यंत ती माउंट होत नसे, म्हणजे वापरासाठी जोडली जात नसे, आणि तोपर्यंत फोटोंच्या प्रोग्रॅमला रामकुंडाचा एकही फोटो सापडत नसे. संगणक सुरू होताना कोणती डिस्क कोठे जोडायची हे '/इटीसी/एफस्टॅब' या फाइलमध्ये लिहिलेले असते; तिच्यात एक ओळ लिहिली की ही अडचण कायमची दूर होते. मात्र ती ओळ चुकली, तर संगणक सुरू होतानाच अडतो, म्हणून ती कशी लिहावी आणि कशी तपासावी हे येथे सविस्तर दिले आहे. कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत, लहान लिपीत टाइप करावीत. 'यूयूआयडी' (पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या एका भागाचा, ओळखक्रमांक) हा शब्द तेवढा मोठ्या लिपीत लिहावा.

विंडोजमध्ये असतात तशी सी, डी ही ड्राइव्हची अक्षरे लिनक्समध्ये नसतात. सगळ्या फाइली '/' पासून सुरू होणाऱ्या एकाच झाडावर असतात आणि नवे पार्टिशन त्या झाडाच्या एखाद्या फोल्डरला जोडावे लागते. त्या जोडण्यालाच माउंट करणे म्हणतात.

प्रथम टर्मिनल उघडून 'एलएसबीएलके -एफ' ही कमांड द्यावी. प्रत्येक पार्टिशनचे नाव, फाइल सिस्टिम (फाइली साठवण्याची पद्धत), लेबल, यूयूआयडी आणि ते सध्या कोठे माउंट आहे, हे तिच्यातून दिसते. आमच्याकडे फोटोंचे पार्टिशन 'एसडीबी१' या नावाने आणि ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमसह दिसले. हे नाव एफस्टॅबमध्ये लिहिण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण ही नावे डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने दिली जातात आणि उद्या आणखी एक डिस्क जोडली, तर आजची 'एसडीबी' उद्या 'एसडीसी' होऊ शकते. यूयूआयडी मात्र पार्टिशन फॉरमॅट करताना त्याच्यावरच लिहिला जातो आणि पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत सहसा बदलत नाही. ईएक्सटी४ चा यूयूआयडी मधल्या रेघा धरून ३६ अक्षरांचा असतो. तो हाताने उतरवून न घेता कॉपी करावा.

यानंतर 'सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/फोटोज' या कमांडने माउंट करण्यासाठी फोल्डर तयार करावे ('सुडो' म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे). ते रिकामे असावे. त्यात आधीच फाइली असतील, तर डिस्क माउंट असेपर्यंत त्या झाकल्या जातात. त्या पुसल्या जात नाहीत, पण घरातील इतरांचा तसा समज होऊन धावपळ मात्र होते. फाइल मॅनेजरमधून डिस्क आधीच उघडलेली असल्यास तेथूनच ती अनमाउंट करावी.

आता मूळ फाइलची प्रत 'सुडो सीपी /इटीसी/एफस्टॅब /इटीसी/एफस्टॅब.जुनी' अशी ठेवावी आणि 'सुडो नॅनो /इटीसी/एफस्टॅब' या कमांडने फाइल उघडावी. आधीच्या ओळींना हात न लावता सर्वांत खाली नवी ओळ लिहावी:

यूयूआयडी=(कॉपी केलेला क्रमांक) /एमएनटी/फोटोज ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

या ओळीत सहा रकाने आहेत आणि ते रिकाम्या जागेने वेगळे होतात. म्हणूनच फोल्डरच्या नावात रिकामी जागा ठेवू नये, आणि ठेवलीच तर तिच्या जागी '\०४०' लिहावे. पाचवा रकाना 'डंप' या जुन्या बॅकअप प्रोग्रॅमसाठी आहे, तेथे शून्य लिहून पुढे जावे. सहावा रकाना संगणक सुरू होताना फाइल सिस्टिम तपासण्याचा क्रम ठरवतो: रूट पार्टिशनला (जे '/' ला माउंट असते) १, इतरांना २, आणि तपासणी नको असल्यास शून्य. पावसाळ्यात ज्यांच्याकडे वीज अचानक जाते, त्यांनी येथे २ लिहिणेच योग्य. चौथ्या रकान्यातील 'डिफॉल्ट्स' आणि 'नोफेल' यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो, रिकामी जागा नसते. ही चूक सर्रास होते.

'नोफेल' हा शब्द मी पहिल्या वेळी लिहिला नव्हता. काही महिन्यांनी कॅबिनेटमधील धूळ काढताना हार्ड डिस्कची केबल काढली, ती परत लावायची राहिली आणि संगणक सुरू केला. पडद्यावर डिस्कची वाट पाहत असल्याची ओळ आली, शेजारी ९० सेकंदांची मोजणी सुरू झाली आणि ती संपताच डेस्कटॉपऐवजी इमर्जन्सी मोडचा काळा पडदा समोर आला. ज्या डिस्कवर केवळ फोटो आहेत, तिच्यावाचून संगणक सुरू होण्यास काहीच हरकत नसावी. 'नोफेल' नेमके तेच सांगतो.

नॅनोमध्ये कंट्रोल आणि ओ, मग एंटर दाबून फाइल सेव्ह करावी आणि कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर पडावे. लगेच रीस्टार्ट करू नये. आधी 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' देऊन ओळीतील चुका पाहाव्यात, नंतर 'सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' आणि 'सुडो माउंट -ए' या कमांड द्याव्यात. शेवटची कमांड काहीही न बोलता संपली, म्हणजे सर्व ठीक आहे असे मात्र समजू नये, कारण 'नोफेल' असताना यूयूआयडीचे एक अक्षर चुकले, तरी डिस्क जोडलेली नाही असे समजून ती कमांड गप्पच राहते. 'फाइंडएमएनटी /एमएनटी/फोटोज' दिल्यावर पार्टिशनचे नाव छापले गेले, तरच काम झाले.

डिस्क माउंट झाली तरी तिच्यावर लिहिता येत नाही, अशी तक्रार यानंतर हमखास येते. ईएक्सटी४ मध्ये मालकी डिस्कवरच नोंदलेली असते, म्हणून माउंट झाल्यानंतर 'सुडो सीएचओडब्ल्यूएन', त्यापुढे आपले युजरनेम आणि शेवटी '/एमएनटी/फोटोज' असे एकदाच द्यावे. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनला हा उपाय सहसा लागू पडत नाही. तेथे चौथ्या रकान्यात 'यूआयडी=१०००,जीआयडी=१०००' जोडावे (एकच वापरकर्ता असेल, तर हा आकडा बहुधा १००० असतो; 'आयडी' या कमांडने खात्री करावी), तिसऱ्या रकान्यात 'एनटीएफएस३' लिहावे आणि शेवटचा आकडा शून्य ठेवावा. 'एनटीएफएस३' हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ५.१५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे. त्याहून जुन्या कर्नलसाठी 'एनटीएफएस-३जी' वापरावा. त्याच संगणकावर विंडोजही असेल, तर तेथील फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि पार्टिशन वापरात असल्याची खूण मागे ठेवते, त्यामुळे लिनक्स ते माउंट करण्यास नकार देते किंवा केवळ वाचण्यापुरते उघडते.

इतके करूनही इमर्जन्सी मोडचा पडदा आलाच, तर सूचनेप्रमाणे रूटचा पासवर्ड देऊन किंवा नुसते एंटर दाबून आत जावे, 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' ही कमांड देऊन रूट पार्टिशन लिहिण्यायोग्य करावे, एफस्टॅब उघडून आपण लिहिलेल्या ओळीच्या आरंभी # हे चिन्ह टाकावे, फाइल सेव्ह करावी आणि 'रीबूट' द्यावे. संगणक नेहमीप्रमाणे सुरू होईल. मग ती ओळ मूळ प्रतीशेजारी ठेवून सावकाश तपासता येते.