मँगनीज घातलं, पण आत गेलं का? पेरोव्हस्काइट नॅनोस्फटिकांचं डोपिंग करताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांतून एमएस्सीच्या प्रोजेक्टला सिझियम लेड क्लोराइड या पेरोव्हस्काइट रचनेच्या पदार्थाचे नॅनोस्फटिक (काही नॅनोमीटरचे स्फटिक) घेतले, की पुढची पायरी ठरलेली असते: मँगनीज घालून उजेड वाढवायचा. स्फटिकात असे परके अणू थोड्या प्रमाणात बसवणं म्हणजे डोपिंग. अतिनील विजेरीखाली कुपी केशरी दिसली की काम झालं असं धरलं जातं. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली चूक तराजूवरच होते. बाटलीवर मँगनीज क्लोराइड टेट्राहायड्रेट लिहिलं असेल, तर त्यात पाण्याचे चार रेणू आहेत आणि रेणुभार 197.9 आहे. निर्जल क्षाराचा 125.8. समजा पेपरात निर्जल क्षार 23.7 मिग्रॅ दिला आहे, म्हणजे 0.188 मिलीमोल. तेवढाच टेट्राहायड्रेट क्षार घेतला तर हातात येतात जेमतेम 0.12 मिलीमोल. त्याचे 37.2 मिग्रॅ घ्या. शिवाय तो ओलावा घेतो. जुलैत प्रयोगशाळेच्या खिडकीशी उघडी ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशी चिकट झालेली दिसेल, मग वजनाला काही अर्थ उरत नाही. पाणी फ्लास्कमध्येच काढावं लागतं: 5 मिली ऑक्टाडेसीनमध्ये 52 मिग्रॅ लेड क्लोराइड आणि मँगनीजचा क्षार, 120 अंशांवर तासभर निर्वातात. निर्वात हळूहळू लावा, नाहीतर फेस थेट पंपाच्या नळीत चढतो.

यानंतर नायट्रोजनखाली वाळवलेलं ओलेइक आम्ल आणि ओलेइलअमाइन अर्धा-अर्धा मिली. लेड क्लोराइड एवढ्याने विरघळत नाही, त्याला 1 मिली ट्रायऑक्टिलफॉस्फिन लागतं. द्रावण काचेसारखं निवळल्याशिवाय सिझियम ओलिएटचं द्रावण टोचू नका. गढूळ असताना टोचलं तर शिसं तळाशी पडून राहतं, आणि वहीत लिहिलेलं शिसं-मँगनीजचं प्रमाण खोटं ठरतं. सिझियम ओलिएट गार झालं की गोठतं, म्हणून ते 100 अंशांवर तापवून 0.4 मिली एका झटक्यात घाला. स्फटिक काही सेकंदांतच वाढतात, तेव्हा बर्फाच्या पाण्याचं भांडं आधीच जवळ असू द्या. बर्फ आणायला नंतर पळायचं नाही.

आता मुख्य दुखणं. घातलेलं मँगनीज आणि आत गेलेलं मँगनीज यांत फार अंतर असतं. बरंचसं पृष्ठभागावर चिकटतं किंवा द्रावणातच राहतं. वर क्लोराइडही सोबत येतंच, आणि ते एकटंच पृष्ठभागावरच्या रिकाम्या जागा भरून स्फटिकाचा स्वतःचा जांभळा उजेड वाढवू शकतं. म्हणून उजेड वाढला एवढ्यावरून डोपिंग सिद्ध होत नाही. निकेलसारख्या आयनांना तर मँगनीजसारखी स्वतःची ठळक केशरी खूणही नसते, तिथे हा घोटाळा सगळ्यात जास्त. शिसं तेवढंच ठेवून, मँगनीजविना, पण तेवढंच जादा क्लोराइड दुसऱ्या क्षारातून देऊन एक नमुना कराच.

केशरी शिखर 600 नॅनोमीटरच्या आसपास दिसलं, तरी उत्तेजन (नमुन्यावर टाकलेला प्रकाश) किती नॅनोमीटरचं दिलं होतं ते आधी बघा. 300 दिलं असेल, तर यंत्रातल्या रंग वेगळे करणाऱ्या जाळीतून त्याचाच दुसऱ्या क्रमाचा पट्टा बरोबर 600 वर येतो. मँगनीज नसलेल्या कुपीतही! ओळखायची युक्ती सोपी आहे: उत्तेजन 310 करा. शिखर 620 वर सरकलं तर ते यंत्राचं. मँगनीजचं शिखर रुंद असतं आणि जागचं हलत नाही. उत्सर्जनाच्या वाटेत 345 च्या खालचं अडवणारा फिल्टर लावला की प्रश्नच मिटतो.

नोटा तपासायची स्वस्त विजेरी बहुधा 395 नॅनोमीटरची असते. या स्फटिकांची शोषणकड (जिच्यापेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश ते शोषत नाहीत) 400 च्या जवळ, म्हणजे ती अगदी काठावर पडते. शिवाय तिचा जांभळा प्रकाश डोळ्याला फसवतो. 365 ची घ्या.

पक्का पुरावा हवा तर 600 वर थांबून उत्तेजनाचा पट मोजा, म्हणजे उत्तेजनाची तरंगलांबी बदलत तिथला उजेड नोंदवा. तो स्फटिकाच्या शोषणाच्या वळणाने गेला, तर ऊर्जा स्फटिकातून मँगनीजकडे जाते आहे. उत्सर्जनाचा आयुष्यकाळ मिलिसेकंदांत यायला हवा. क्ष-किरण विवर्तनात शिखरं मोठ्या कोनाकडे सरकतात, कारण मँगनीजचा आयन (83 पिकोमीटर) शिशापेक्षा (119) लहान. पण नमुना थोडा उंच बसला तरी शिखरं सरकतात, म्हणून तुलनेसाठी त्यात चिमूटभर सिलिकॉन मिसळा, त्याच्या शिखरांच्या जागा ठरलेल्या असतात.

ब्रोमाइडवाल्यांसाठी एवढंच: शुद्ध ब्रोमाइडचं ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर (बँड गॅप) सुमारे 2.4 इलेक्ट्रॉनव्होल्ट, मँगनीजची पातळी 2.1. दोन्हींत फरक कमी असल्याने ऊर्जा उलटी परतते आणि केशरी फिकं पडतं. मँगनीज वाढवून ते सुधारत नाही. क्लोराइडमध्येही फार वाढवलं तर शेजारचे मँगनीज एकमेकांचा उजेड मारतात.

धुताना मिथेनॉल नको, स्फटिकच मोडतात. मिथाइल ॲसिटेट घाला, सेंट्रिफ्यूज करा, साका हेक्झेनमध्ये घ्या. हे दोनदा झाल्यावरच मँगनीजचं रासायनिक मापन करा. प्रमाण द्रावणाशी तुलना करून क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशापैकी किती परत बाहेर पडतो ते) काढताना शोषण 0.1 च्या खाली ठेवा, आणि ते प्रमाण द्रावण पाण्यातलं असेल तर अपवर्तनांकाची दुरुस्ती विसरू नका. हेक्झेनसाठी ती सुमारे 6 टक्के आहे.

मोजणीसाठी नमुना एसटीने कोल्हापूरला न्यायचा असेल, तर काचेची कुपी गच्च बंद करून सावलीत ठेवा. सोबत मँगनीजविना केलेला नमुना आणि नुसत्या हेक्झेनची एक कुपी त्याच पिशवीत टाका.