ताडगोळे घेताना या चुका टाळा

एप्रिलमध्ये ठाणे स्टेशनबाहेर ताडगोळेवाल्या बसायला लागल्या की आमच्याकडे एक संवाद ठरलेला. हे टप्पोरे डझनभर घेऊन येतात आणि चावल्यावर म्हणतात, "रबर दिलंय तिने!" ती तरी काय करणार, बोट मोठ्यांवरच ठेवलं होतं ना?

ताडगोळा म्हणजे ताडफळातली कच्ची बी. एका फळात साधारण तीन. ती मोठी होते तसा गर घट्ट होतो आणि आतलं पाणी कमी होतं. म्हणून मध्यम आकाराचे, किंचित पारदर्शक घ्या. अंगठ्याने हलकेच दाबलं की दबले पाहिजेत. "कोवळे द्या मावशी" म्हटलं की बहुतेक जणी निवडून देतात. जून ताडगोळे हट्टाने खाल्ले तर रात्री पोट दुखतं, हा स्वानुभव.

साल सुरीने काढू नका. मधोमध टोक लागलं की गोड पाणी ओट्यावर. नखाने कडेपासून सुरुवात करा. साल सुकून चिकटली असेल तर थोडा वेळ गार पाण्यात ठेवा. पिवळट पापुद्रा राहिला तर तुरट लागतो, पण विषारी नाही, उगाच घाबरू नका. सोलून डब्यात भरून ठेवणं मात्र चूकच. सालीसकट फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. आंबूस वास आला की टाका. मिक्सरलाही लावू नका, तुकडे करून गार वेलची-दुधात सोडा.

नीरा या फळातून निघत नाही, ताडाच्या फुलोऱ्याला छेद देऊन मिळते. ऊन चढलं की ती आंबत जाते आणि तिची ताडी होते, त्यामुळे दुपारी "ताजी नीरा" दिसली तर आधी वास घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक नवी मुंबईत होते. आमच्या नेरूळच्या सोसायटीत भेर्ली माड आहे: पानं माशाच्या शेपटीसारखी, फळांच्या वेण्या लोंबणाऱ्या. "ताडाचंच भावंड" म्हणून एका मुलाने फळ फोडलं आणि हात खाजवत रडत घरी आला. त्या फळांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. असं झालं तर हात-तोंड भरपूर पाण्याने धुवा, डोळे चोळू देऊ नका. ओठ किंवा घसा सुजू लागला तर थेट डॉक्टरकडे.