कोयत्याला घरीच धार लावताना
ऊसतोडीचा कोयता बोथट झाला की लगेच ग्राइंडरला लावू नका, पातं तापून निळं पडलं की तिथलं पाणी (म्हंजे पोलादाचा कडकपणा) उतरतं आन मग कितीबी घासा, धार टिकतच नाही. कानसच बरी. कोयता लाकडावर पक्का दाबून धरा, कानस साधारण 20-25 अंशात टेकवायची आन फक्त पुढं ढकलायची, मागं येताना उचलायची, कारण तिचे दाते पुढं जातानाच कापतात. पलीकडच्या अंगाला बारीक खरखर लागायली की समजा काम झालं (बोट पात्याच्या पाठीकडून धारेकडं बाहेर फिरवा, धारेच्या लांबीनं कधीच नाही), मग तिकडून दोन-चार हलके हात मारून ती खरखर काढा. बुडख्यालाच साखर जास्त असती, चांगली धार असली तर ऊस जमिनीलगत साफ तुटतो, बुडखा चिरत नाही आन खोडवाबी (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा येणारा ऊस) जोमानं फुटतो.