५० मीटर रायफलसाठी गोळ्यांचा लॉट कसा निवडावा

‘सगळ्यात महाग डबी घे, डोळे झाकून’ हा सल्ला रेंजवर जो तो देतो. ऐकू नका. लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेल्या, एकाच नंबरच्या गोळ्या. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटपैकी एक तुमच्या बॅरलमधून दहात बसतो, दुसरा नवात भटकतो. आणि तोच दुसरा शेजारच्या लेनवर झकास चालतो. स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं म्हणून तो काय वापरतो असं विचारणारी मुलं भेटतात. त्याच्या बॅरलला मानवलेलं तुमच्या बॅरलला मानवेलच असं नाही. ब्रँड नव्हे, लॉट निवडायचा.

एली टेनेक्स, लापुआ मिडास प्लस किंवा सेंटर-एक्स, आरडब्ल्यूएस आर-५० या मॅचच्या गोळ्यांतल्या दोन-तीन प्रकारांचे जमतील तितके वेगवेगळे लॉट गोळा करा. हाय व्हेलॉसिटी आणूच नका: मॅचची गोळी सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, म्हणजे ध्वनीच्या वेगाखालीच ठेवलेली असते, आणि त्याला कारण आहे. बॅरल साफ, ॲक्शनचे (बॅरलमागच्या यंत्रणेचे) स्क्रू नेहमीइतकेच घट्ट, रायफल शिकंजात पक्की. खांद्यावर घेऊन केलेली चाचणी ही तुमची चाचणी, गोळीची नव्हे.

आता खरी गोम: किती राउंड मारून लॉट ठरवायचा. हाच टप्पा मला बराच काळ छळत होता, आणि याच टप्प्यावर बहुतेक जण पाच राउंड मारून, एका भोकात गेलेले बघून खूश होतात. पाचाचा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, काहीही सांगत नाही. कुठलाही बरा लॉट कधी ना कधी सुंदर पाच देतोच.

लॉट बदलला की आधीच्या गोळ्यांचं ग्रीस बॅरलमध्ये असतं. म्हणून पहिले दहा-पंधरा राउंड मोजूच नका. मग दहा-दहाचे चार ग्रुप घ्या आणि चारही एकावर एक ठेवून चाळीस भोकं एकत्र बघा. सगळ्यात छोट्या ग्रुपवर जीव लावू नका, सगळ्यात वाईट शॉट शोधा. मॅचमध्ये तोच येणार आहे, आणि बहुधा गुडघ्यावर बसलेले असताना.

तो वाईट शॉट वर-खाली गेलाय की आडवा, हेही बघा. ढोबळ हिशेबानं वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर वर-खाली होते. दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. त्यामुळे आडवा पसारा थोडा जास्त, पण उभा आटोक्यात, असा लॉट मी आधी उचलतो. आडव्यामागे बहुतेकदा वारा असतो. उभ्यामागे बहुतेकदा गोळीच.

५.६ मिलिमीटरची गोळी रेषेला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे ग्रुप बरोबर मध्यावर असेल, तर बाहेरच्या कडांपर्यंत २१.६ मिलिमीटरचा पसाराही सगळे दहा देतो. हे ऐकून सुस्तावू नका. फायनलला दशांशात मोजतात आणि माणसाचा हात शिकंजा नसतो. दोन लॉटमध्ये मिलिमीटरभराचा फरक असेल तर तो फरकच नाही असं समजा आणि त्या दोघांनाच दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. तेही साधारण मॅचच्या वेळेच्या तापमानात. बालेवाडीला मे महिन्यात दुपारी ठरवलेला लॉट डिसेंबरच्या सकाळी तसाच वागेल, याची हमी मी देणार नाही.

(एलीची बर्मिंगहॅममध्ये आणि लापुआची जर्मनीत श्योनेबेकला चाचणीची सोय आहे. परदेशात कॅम्प असेल तर रायफल घेऊन तिथे जरूर जा. मुद्दाम विमानाचं तिकीट काढण्याआधी मात्र इथलं नीट करून बघा.)

लॉट ठरला की त्याच नंबरचा पूर्ण हंगामाचा साठा लगेच राखून ठेवा; परवान्यावर किती राउंड बसतात ते आधी पाहा. डबे घरात थंड जागी, गाडीच्या डिकीत नाही. लॉट नंबर स्कोअरबुकात लिहा. बॅरल बदलली की तो खोडा आणि पुन्हा पहिल्या डबीपासून सुरू करा.