रेवदंड्याच्या दमट हवेत रोमन नाण्यांचे फोटो कसे काढावेत

रेवदंड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइझ, बारशी, लग्नं, आणि निवडणूक लागली की हात जोडलेले उमेदवार, यावर घर चालतं. गेली अकरा वर्षं त्यांच्या जोडीला ग्रीक आणि रोमन राजांचेही फोटो काढतो. हे गिऱ्हाईक शहाणं. डोळे मिटत नाही आणि 'जरा गोरा करा हो' म्हणत नाही.

या नादाला कारणीभूत चौल. चौल-रेवदंडा म्हटलं की लोकांना पोर्तुगीज आठवतात. पण त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं व्यापारी जहाजांसाठीचं टिपण आहे. त्यात कल्याणनंतरच्या बंदरांची यादी येते आणि तिच्यात पहिलं नाव सेमुल्ला. ते आमचं चौल. त्याच टिपणात भडोचबद्दल लिहिलंय की तिथल्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची जुनी द्राख्म, म्हणजे ग्रीक पद्धतीची चांदीची नाणी, अजून चालतात. मिनँडर म्हणजे बौद्ध ग्रंथातला आपला मिलिंद राजा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. म्हणजे भडोचच्या गल्ल्यात पडणारं ते नाणं तेव्हाच दोनेकशे वर्षांचं होतं. हे वाचल्यापासून मला एक मिलिंद हवा होता.

तो मिळेपर्यंत जे शिकलो ते आधी सांगतो. वाडीत किंवा किल्ल्यात सापडलेलं नाणं कोणी विकायला आणलं तर घेऊ नका. पाऊस संपला की दरवर्षी एक-दोघं माझ्याकडे येतात, रुमालात काहीतरी गुंडाळून. 'रोमन आहे का बघा.' उघडलं की बहुतेक वेळा शिवराई निघते. रोमन नाण्यांचे मोठे साठे भारतात सापडले ते मुख्यतः दक्षिणेत, तामिळनाडू, केरळ, आंध्र या भागांत. शिवाय जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. कायदा १८७८ चा आहे, पण आजही लागू आहे. मी कायदा सांगतो, चहा पाजतो आणि पाठवतो.

खरेदी मुंबई-पुण्याच्या नाणेप्रदर्शनांत करावी, परवाना असलेल्या विक्रेत्याकडून, पावती घेऊन. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं मनात आलं म्हणून परदेशातल्या भाच्याला पाठवता येत नाही, हेही घेतानाच लक्षात ठेवा.

सुरुवात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातल्या छोट्या ब्राँझ नाण्यांपासून करा. ही ढिगाने पाडली गेली, म्हणून स्वस्त. माझं पहिलं मी चौघांच्या सुरमई थाळीच्या पैशांत घेतलं: छाप्यावर सम्राटाचं तोंड, मागे दोन शिपाई आणि त्यांच्यामध्ये दोन निशाणं, भोवती 'ग्लोरिया एक्सर्सिटस', म्हणजे सैन्याची कीर्ती. इसवी सन ३३० नंतरच्या काही वर्षांतलं. अगदी खाली टांकसाळीची अक्षरं असतात. माझ्या नाण्यावर एस-एम-ए-एन आहे, म्हणजे अँटिओक. ही अक्षरं जुळवत बसण्यातच पहिल्या वर्षाची मजा. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची 'ओसीआरई' ही फुकट सूची आहे, तिच्यात रोमन सम्राटांची नाणी फोटोंसह सापडतात. दिनारियस हे रोमन चांदीचं नाणं सावकाश घ्या. त्यातही सम्राट टायबेरियसचं तर बायबलमधल्या 'सीझरचं सीझरला द्या' या गोष्टीमुळे उगाच महाग आहे.

आता खोट्या नाण्यांबद्दल. मी रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून अलेक्झांडरचं चार द्राख्मांचं नाणं घेतलं होतं. सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीज, मागे सिंहासनावर झ्यूस, सगळं जिथल्या तिथे. घरी येऊन सोनाराच्या छोट्या काट्यावर टाकलं तर १३.६ ग्रॅम. हे नाणं साधारण १७.२ ग्रॅमचं असायला हवं. झिजून अर्धा-पाऊण ग्रॅम जाईल, साडेतीन जात नाही. तरी मन मानेना. मग मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून बारीक टिपणारी, लावून फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा केला. हेराक्लीजच्या गालावर बारीक गोल छिद्रं दिसली, इडलीला असतात तशी. ओतीव नाण्यात हवेचे बुडबुडे अडकतात, त्यांच्या त्या खुणा. कडेवर कानशीने घासलेली शिवण होती. खरं नाणं दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकलेलं असतं. त्यात धातू कडेकडे पसरल्याच्या बारीक रेषा दिसतात आणि कड कधीकधी फाटलेली असते. त्या दिवसापासून घेतलेलं प्रत्येक नाणं आधी काट्यावर, मग कॅमेऱ्याखाली, आणि फोटो तीन: छापा, काटा आणि कड. कडेचा फोटो कोणी काढत नाही आणि लबाडी बहुतेक तिथेच उघडी पडते.

कोकणातल्या माणसाचा खरा वैरी मात्र हवा आहे.

माझ्या त्या दोन शिपायांच्या नाण्यावर गडद हिरवट-काळी पॅटिना, म्हणजे काळाने धातूवर चढलेला थर, होती, तुकतुकीत, जुन्या समईच्या बुडासारखी. एका दिवाळीत आत्याने ते टेबलावर पाहिलं. लक्ष्मीपूजनाच्या ताटात जुनं नाणं असावं म्हणून तिने ते चिंच आणि मीठ लावून घासलं, तांब्याच्या कलशाबरोबरच. माझ्यासमोर आणून ठेवलं तेव्हा ते नव्या नळाच्या तोटीसारखं चमकत होतं. तिला काय बोलणार? सोळाशे-सतराशे वर्षांची कांती पाच मिनिटांत गेली, पण इथवर ते फक्त दिसण्याचं नुकसान होतं. खरा घोळ पुढच्या आषाढात झाला. डाव्या शिपायाच्या ढालीपाशी फिकट हिरवा बुरा आला, खोबऱ्याला बुरशी येते तसा, नखाने निघणारा.

याला नाणेवाले ब्राँझ डिसीज म्हणतात. रोग म्हटलं तरी जंतू नसतात. मिठातलं क्लोराइड तांब्याशी जुळून पृष्ठभागाखाली बसतं. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्याचा हिरवा बुरा होतो आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा तेच. ओलावा मिळत राहतो तोवर हे चक्र थांबत नाही. घट्ट बसलेला, न निघणारा गुळगुळीत हिरवा थर म्हणजे पॅटिना, तो नाण्याचा मित्र. फिकट, भुसभुशीत आणि वाढणारा हिरवा तो शत्रू. आणि आमच्याकडे खारा वारा चोवीस तास, पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर. नाणं मिठाच्या बरणीशेजारी ठेवल्यासारखंच झालं.

उपाय मी असा केला. भिंगाखाली टाचणीने बुरा काढला. नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं, बॅटरीत घालायला मिळतं तेच, आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलत सहा आठवडे काढले. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. मग नाणं अॅसिटोनमध्ये बुडवून हेअर ड्रायरने पूर्ण कोरडं केलं. हे दोन्ही एका वेळी नव्हे: अॅसिटोन पेट घेतं, ते खिडकी उघडून, गॅसपासून लांब वापरायचं आणि पार उडून गेल्यावरच ड्रायर लावायचा. शेवटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवलं. डब्यात आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र टाका आणि काटा ४० च्या खाली राहील असं बघा. सिलिका निळी असते तोवर ठीक. गुलाबी झाली की तिचं पोट भरलं. मंद आचेवर भाजली की पुन्हा निळी होते, पण त्यासाठी तवा वेगळा ठेवा, भाकरीचा नको. पाकिटं मायलर नावाच्या कडक प्लास्टिकची घ्या. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकची पाकिटं वर्षभरात नाण्यावर हिरवा चिकटा सोडतात, आणि मग नवशिक्या तोही रोग समजून घाबरतो.

आणि चिंच, लिंबू, आगळ, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, काहीही नाण्याला लावायचं नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आत्याला दोनदा.

इथे फोटोचा संबंध येतो. डाग वाढतोय की तेवढाच आहे, हे डोळ्याला आठवत नाही. वर्षाच्या अंतराने, त्याच उजेडात, त्याच मापाने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं. म्हणून माझी सगळी मांडणी दरवर्षी तोच फोटो पुन्हा काढता यावा यासाठी आहे. सुंदर आला तर वरकमाई.

वडिलांच्या डार्करूममधला एनलार्जर, फिल्मवरून मोठा फोटो छापायचं यंत्र, भंगारात जाणार होता. त्याचं डोकं उतरवलं आणि दांड्यावर कॅमेरा बसवला, तोंड खाली. वर-खाली करायची चकती आहे, दांड्यावर आकडे आहेत, पाट जड आहे. नाण्यांच्या फोटोंसाठी याहून चांगला स्टँड विकत मिळत नाही. तुमच्या गावातल्या जुन्या स्टुडिओत विचारा, कोपऱ्यात असतोच. कॅमेरा पाटाला समांतर आहे का ते बघायला पाटावर छोटा सपाट आरसा ठेवा. लेन्सला स्वतःचं तोंड फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसलं की जमलं.

माझ्याकडे ९० एमएमची मॅक्रो लेन्स आहे आणि सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. दिनारियस १८ मिलिमीटरचं. म्हणजे एकास एक मापाने, सेन्सरवर नाण्याएवढंच चित्र पडेल असं, घेतलं तर वर-खाली कापलं जातं, कॅमेरा जरा वर घ्यावा लागतो. ती उंची एकदा ठरली की दांड्यावरचा आकडा वहीत लिहून ठेवायचा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८. ग्रीक नाण्याचा उठाव जास्त असतो, तिथे एफ ११. त्यापुढे नेलं की नाक आणि कान दोन्ही फोकसमध्ये येतात, पण सगळंच मऊ पडतं. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, पंखा बंद करायचा आणि एसटी जाऊ द्यायची. माझा स्टुडिओ रस्त्याला लागून आहे, गाडी गेली की पाट थरथरतो.

नाणं थेट कागदावर ठेवू नका, सावली पडते. पेनाच्या टोपणावर अलगद ठेवा आणि खाली पांढरा कागद. कागद फोकसबाहेर जातो, नाणं तरंगल्यासारखं दिसतं. खाली मऊ कापड अंथरा, कारण एकदा तरी ते टोपणावरून पडणारच. नाणं कडेने धरा. आपल्या घामातही मीठ आहे.

उजेड वरून यायला हवा, घड्याळातल्या अकराच्या जागेवरून. खालून दिला तर डोळा फसतो आणि सम्राटाचं नाक खड्ड्यात गेल्यासारखं दिसतं. दिव्यासमोर झेरॉक्सवाल्याकडचा ट्रेसिंग पेपर धरा, समोरच्या बाजूला पांढऱ्या कार्डाचा तुकडा उभा करा म्हणजे सावल्या फार काळ्या होत नाहीत. काळपट ब्राँझला उजेड जरा तिरपा द्या, अक्षरं उठतात. चांदी चकाकत असेल तर फोटोफ्रेमची काच नाण्यावर ४५ अंशांत धरा आणि बाजूने दिवा सोडा: उजेड काचेवरून नाण्यावर सरळ उतरतो आणि कॅमेरा काचेतून बघतो. झिजलेल्या चेहऱ्याला मात्र ही युक्ती लावू नका, सपाट दिसतो. पासपोर्ट फोटोत करतो तेच इथेही करतो, नाकाची सावली कुठे पडते ते बघत नाणं हळूहळू फिरवतो. रंगासाठी पहिला फोटो राखाडी कार्डाचा. संगणकावर धार वाढवण्याचा मोह आवरा, तिने नसलेल्या चिरा उगवतात. फाइलच्या नावातच राजा, वजन, व्यास आणि तारीख घालायची.

मोबाइलवाल्यांसाठी एवढंच: फोन नाण्याला चिकटवू नका, त्याची सावली पडते. पुस्तकांच्या दोन चळतींवर काच ठेवा, तिच्यावर फोन, आणि झूमची लेन्स वापरा.

नाण्यांना सगळ्यात चांगला उजेड आमच्याकडे जून ते सप्टेंबर असतो. ढगांनी भरलेलं आभाळ म्हणजे अख्ख्या गावावर ताणलेला ट्रेसिंग पेपर. एका श्रावणात मोह झाला, मिनँडरचं द्राख्म मिळून आठवडाच झाला होता. खिडकीशी ठेवलं. अडीच ग्रॅमचं सुद्धा नाही, पण भोवती गोल मांडलेली ग्रीक अक्षरं सुटी सुटी वाचता आली, आणि मागे खरोष्ठी या जुन्या लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. इतका चांगला फोटो मला पुन्हा जमलेला नाही. पण तेवढ्या वेळात बाजूचा ब्राँझचा डबा उघडाच राहिला, आणि दसऱ्याला दोन नाण्यांवर हिरवे ठिपके. माझ्या जुन्या लेन्सच्या आत जाळ्यासारखी बुरशी धरली तीही अशाच पावसात. आता लेन्सही सिलिकेच्या डब्यात झोपते. फोटो दिवाळी ते होळी या दिवसांतच काढतो, उत्तरेच्या खिडकीला ट्रेसिंग पेपर चिकटवून, सकाळी दहानंतर, दव उडून गेल्यावर. पावसाळ्यात डबा बंद.

यंदाचे फोटो परवा काढले. ढालीपाशचा ठिपका गेल्या वर्षी ०.८ मिलिमीटर होता, यंदाही तेवढाच. डब्यातली सिलिका मात्र गुलाबी झाली आहे, आज रात्री दुकान बंद केल्यावर भाजायची आहे.