प्लीहेची स्लाइड वाचताना या चुका टाळा

प्लीहेची, म्हणजे बोलीतल्या पाणथरीची, स्लाइड ओळखताना विद्यार्थी अडतात, याचे कारण बहुधा एकच असते: सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताच ते ४० एक्सचे भिंग फिरवतात. त्या भिंगाखाली लिम्फोसाइटांचा (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) जांभळा थवा तेवढा दिसतो आणि तो लिम्फ नोड, टॉन्सिल, थायमस या सर्वांत जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे आधी ४ एक्सखाली पूर्ण छेद पाहावा. गुलाबी पार्श्वभूमीवर विखुरलेली जांभळी बेटे, जाड कॅप्सूल (बाहेरचे आवरण), तिच्यातून आत शिरलेले ट्रॅबेक्युले (तंतुमय पट्टे), आणि कॉर्टेक्स-मेड्युला (बाहेरचा-आतला भाग) असा भेद कुठेच नाही, एवढे दिसले की ती प्लीहा. लिम्फ नोडमध्ये कॅप्सूलखाली लसीकेची (लिम्फची) पोकळी असते. प्लीहा रक्त गाळते, लसीका नव्हे. तिच्यात लसीका आणणाऱ्या वाहिन्याच नसतात, म्हणून ती पोकळीही नसते.

दुसरा घोळ नावाने घातला आहे. व्हाइट पल्प (म्हणजे वरची जांभळी बेटे) हे नाव ताज्या कापलेल्या प्लीहेच्या गडद लाल पृष्ठभागावरील राखाडी-पांढऱ्या ठिपक्यांवरून पडले. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या छेदात तोच भाग सर्वांत गडद जांभळा दिसतो. हे न कळल्यास फिकट दिसणाऱ्या ट्रॅबेक्युलाला किंवा जर्मिनल सेंटरला (बी लिम्फोसाइट वाढतात त्या फिकट केंद्राला) व्हाइट पल्प म्हणून बाण काढला जातो.

‘सेंट्रल आर्टेरिओल’ हे नावही तितकेच फसवे आहे. टी लिम्फोसाइटांच्या आवरणातून जाताना ही धमनिका खरोखर मध्यभागी असते. परंतु जिथे बी पेशींचे फॉलिकल (गोल पुंजका) तयार होते, तिथे ती एका कडेला सरकते. जर्मिनल सेंटरच्या मधोमध तिला शोधत बसू नये. एखाद्या बेटात ती छेदाच्या पातळीत आलेलीच नसेल, तर शेजारचे बेट पाहावे. ट्रॅबेक्युलातील धमनीभोवती तंतुमय ऊती असते, सेंट्रल आर्टेरिओलभोवती लिम्फोसाइट असतात. दोहोंत गल्लत करण्याचे कारण नाही.

माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय रेड पल्पवर, म्हणजे बेटांभोवतीच्या गुलाबी भागावर, होतो. जर्नलमध्ये तो गुलाबी पेन्सिलीने नुसता घासलेला असतो, आणि प्लीहेचे मुख्य काम तर तिथेच चालते. त्यात दोन गोष्टी वेगळ्या दाखवायला हव्यात: बिलरोथ कॉर्ड (पेशी व तंतूंचे जाळीदार पट्टे) आणि त्यांच्यामधले सायनुसॉइड (रुंद रक्तवाहिन्या). सायनुसॉइडच्या भिंतीतील पेशी लांबट, काठीसारख्या असून एकमेकींना समांतर असतात आणि त्यांना बाहेरून तंतूंचे आडवे वेढे असतात. कारवीच्या कुडात उभ्या काठ्या आडव्या बंधांनी बांधाव्यात, तशी ही रचना आहे. आडव्या छेदात या पेशींची केंद्रके पोकळीत डोकावणाऱ्या मण्यांसारखी दिसतात. वेढे साध्या रंगात दिसत नाहीत; त्यासाठी रेटिक्युलिनचे (बारीक जाळीदार तंतूंचे) रौप्यरंजन किंवा पीएएस हे रंजन लागते. मानवी प्लीहेत बरेचसे रक्त आधी कॉर्डमध्ये मोकळे सोडले जाते, आणि तांबड्या पेशींना स्वतःच्या व्यासाहून अरुंद फटींतून वाकून सायनुसॉइडमध्ये परतावे लागते. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्याच्या शेवटी ज्यांची लवचीकता गेलेली असते, त्यांना कॉर्डमधील मॅक्रोफेज (भक्षक पेशी) गिळतात. प्लीहा काढलेल्या रुग्णाच्या रक्तात हॉवेल-जॉली बॉडी (तांबड्या पेशींत उरलेले केंद्रकाचे कण) दिसू लागतात, त्या ही चाळण उरली नसल्यामुळेच.

कधी दोष वाचणाऱ्याचा नसून स्लाइडचा असतो. रेड पल्पमध्ये तांबड्या पेशींचा सलग थर दिसून कॉर्ड आणि सायनुसॉइड वेगळे ओळखू येत नसतील, तर अवयवात रक्त साचलेले असते किंवा छेद जाड गेलेला असतो. ३ ते ४ मायक्रॉनचा छेद घ्यावा. फॉर्मॅलिन सावकाश झिरपते, म्हणून अखंड प्लीहा बरणीत न टाकता आधी पातळ काप करावेत. सर्वत्र काळपट-तपकिरी भुकटी पसरलेली दिसली, तर तिला लगेच हिमोसिडेरिन (लोहयुक्त रंगद्रव्य) म्हणू नये. आम्लयुक्त फॉर्मॅलिनची रक्ताशी प्रक्रिया होऊनही असे कण तयार होतात. ते पेशींच्या वर विखुरलेले असतात आणि पर्ल्सच्या (लोह दाखवणाऱ्या) रंजनात निळे होत नाहीत. हिमोसिडेरिन सोनेरी-तपकिरी, मॅक्रोफेजच्या आत असते आणि निळे होते. बफर केलेले फॉर्मॅलिन वापरल्यास ही भुकटी सहसा टळते.

रेड पल्पमध्ये मोठमोठे मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट तयार करणाऱ्या पेशी) आढळले, तर निदानाकडे धाव घेण्यापूर्वी स्लाइडचे लेबल वाचावे. प्रौढ माणसाच्या प्लीहेत ते दिसणे रोगसूचक असू शकते. उंदराच्या प्लीहेत मात्र ते नेहमीचेच असतात.