पोराच्या फ्लॅटला बापाचे पैसे : या चुका टाळा

दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतून माझ्याकडे एकच प्रश्न येतो. पोरगा नागपूरला नोकरीवर आहे, बेसा नाहीतर हिंगण्याकडे फ्लॅट पाहिलाय, बँक कर्ज देते, वरचे सात-आठ लाख बाबा देणार. "पैसे माह्ये, पोरगा माह्या, मंग इन्कम टॅक्सवाल्याले काय करा लागते?"

टॅक्स खरंच लागत नाही. आई-वडिलांनी मुला-मुलीला दिलेली भेट कितीही मोठी असो, घेणाऱ्यावर कर नाही. शेतीचं उत्पन्नही करमुक्त. माणसं अडकतात ती पैसा पोचवण्याच्या पद्धतीत. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा आयकर कायदा आहे, कलमांचे नंबर बदललेत, म्हणून इथे नंबर लिहीत नाही.)

सगळ्यात जास्त जीव जळतो तो एका चुकीवर : नगदी, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी.

काही वर्षांपूर्वी दारव्हा भागातले एक काका आले होते. १४ एकर कोरडवाहू, दोन वर्षांचा कापूस आणि तूर बरीचशी खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, घातलेली. कुणीतरी सांगितलं की ५० हजारांच्या आत भरले तर बँक पॅन मागत नाही. झालं. दर बाजाराच्या दिवशी पोराच्या खात्यात ४९ हजार, असे २३ वेळा. ११ लाख २७ हजार! बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त नगदी जमा झाली की बँकेला ती आयकर खात्याला कळवावीच लागते, हे त्या सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. दीड वर्षानं पोराला नोटीस आली. पगारदार माणूस, पगाराच्या जवळपास दुप्पट रक्कम नगदीत. तो काय सांगणार?

काकांनी माझ्या टेबलावर पिशवी उपडी केली. सातबारा, बाजार समितीच्या काही हिशेबपट्ट्या, आणि वहीचं पान फाडून केलेल्या चिठ्ठ्या. एक चिठ्ठी अजून डोळ्यांपुढे आहे. हळदीच्या डब्यात ठेवल्यानं पिवळी पडलेली, चार घड्या घातलेली, त्यावर निळ्या पेनानं फक्त "३२ क्विं." व्यापाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, भाव नाही. पीकपेऱ्यावरून (सातबाऱ्यासोबतची पिकांची नोंद) आणि पट्ट्यांवरून बहुतेक रक्कम आम्ही पटवून दिली. २ लाख १० हजार राहिलेच. स्रोत न सांगता आलेल्या पैशावर तेव्हा अधिभार आणि सेस धरून ७८ टक्के कर होता. म्हणजे १ लाख ६३ हजार ८०० रुपये गेले. तो पैसा घामाचाच होता, मला तिळमात्र शंका नाही. आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एकच सवय लावतो. माल विकला की पट्टीचा फोटो त्याच दिवशी. पैसे आधी बापाच्या खात्यात. तिथून आरटीजीएसनं पोराच्या खात्यात, एकाच हप्त्यात. बुकिंगची घाई आहे म्हणून "सध्या नगदी भरून टाकू, मागून पाहू" म्हणणाऱ्या पोरांना मी स्पष्ट सांगतो, फ्लॅट आठ दिवस थांबेल. आणि बिल्डरच्या हातात नगदी तर मुळीच नको. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर नगदी घेणं त्यालाही चालत नाही.

भेट की उसने, हे आधी ठरवा. भेट असेल तर मी ५०० च्या स्टॅम्पवर चार ओळी लिहून घेतो : किती, कोणत्या तारखेला, परत घ्यायचे नाहीत. पैशाच्या भेटीला कायद्यानं हा कागद लागत नाही, पण कर्ज देणारी बँक मागते, आणि उद्या धाकट्या भावानं विचारलं तरी कामी येतो. उसने असतील तर २० हजारांपासून पुढे नगदी देणं-घेणं बंद. दंड घेतलेल्या रकमेइतकाच. दोघंही शेतकरी आणि दोघांचंही करपात्र उत्पन्न नसेल तर सूट आहे, पण पोराला करपात्र पगार असेल तर ती मिळत नाही.

चुलतभावानं हातभार लावला तर तो कायद्याच्या लेखी "नातेवाईक" नाही, ५० हजारांवर गेलं की सगळी रक्कम करपात्र. सख्खे काका, मामा, मावशी, आत्या चालतात.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणून सासरे सुनेला पैसे देतात. राहायला असेल तर ठीक. भाड्यानं दिलं तर त्या पैशापुरतं भाडं सासऱ्यांच्या उत्पन्नात धरलं जातं.

शेत विकून पैसे देणाऱ्यांनी गावाचं अंतर बघा. नगरपालिकेची वस्ती १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १० लाखांपर्यंत ६, त्यावर ८, तेही सरळ रेषेत. त्याबाहेरच्या शेतीवर भांडवली नफ्याचा कर नाही. आत असेल तर घर घेऊन सूट मागता येते, पण घर पोराच्या नावावर आणि सूट बापाला, हे जमत नाही. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं अशाच प्रकरणात शेत विकणाऱ्याची मागणी फेटाळली होती. म्हणून शेताचा इसार घ्यायच्या आधी या, रजिस्ट्री झाल्यावर घरावर बापाचं नाव घालायला फार उशीर झालेला असतो.